सीतादही

यशोदेनं वावराच्या कडेला, धुऱ्यावर चप्पल काढली आणि दहीभाताचा डबा छातीशी धरून डोळे मिटले. डावीकडे दिराचं वावर, उजवीकडे दिराचं, मागंही दिराचंच. मधोमध तिचा कापूस फुटून लोंबत होता, आणि गावातलं काळं कुत्रं तिकडं फिरकत नव्हतं.

यशोदेचा नवरा तानबा गेला आणि त्याचा धाकटा भाऊ रूपराव या तुकड्यावर हक्क सांगू लागला. गावच्या बायांना त्यानं दमच भरला होता. शेवटी अल्लीपूरच्या बाया उद्या वेचायला यायला तयार झाल्या, पण आधी सीतादही, वेचणीआधीची पूजा हवी. कपाशीच्या झाडाखालच्या गोट्यांना कुंकू, दहीभाताचा निवद आणि पहिली बोंडं सवाशिणीच्या हातची. यशोदेचं कपाळ तर उघडं.

"सीतामाय, त्याइचं वाईट नको करू," ती पुटपुटली. "मले फक्त एक सवाशीण धाड. लय एकटी पडली वं मी."

दर वर्षी हे दोघी जावा मिळून करायच्या. रूपरावची बायको मंजुषा दहीभातात साखर घालायची. "देवीले लेकरू समजून राह्यली का वं?" म्हणून यशोदा तिला चिडवायची, मग दोघी हसून हसून बेजार. आता वर्ष झालं, एक शब्द नाही. कापसापेक्षा तेच जास्त सलायचं.

ती वावरात शिरली आणि मधल्या ओळीत थबकली. गोट्यांवर ओलं कुंकू होतं. पळसाच्या पानावर वेचलेली बोंडं, शेजारी दहीभात. तिनं एक शीत जिभेवर ठेवलं.

गोड होतं.

"काय झालं वयनी?" धुऱ्यावरून रूपरावनं मान उंचावली. "कुकू दिसून राह्यलं. कोन आलतं?"

त्याच्यामागं कापूस वेचणाऱ्या मंजुषाचा हात थांबला.

यशोदेनं पदर खोचला.

"कोन येते? तुम्ही येऊ देता का कोनाले? मीच केलं, माह्या हातानं!"

"रांडमुंड बाईनं?" रूपराव हसला. "मंग उद्या अल्लीपूरच्या बाया कशा येते, पाह्यतोच मी."

"पाहा."

तो फोन काढत निघून गेला. यशोदा खाली बसली आणि पानावरचा दहीभात चाटूनपुसून संपवला.

"साखर जराशी जास्तच पडली या साली," ती मोठ्यानं म्हणाली.

मंजुषानं वर पाहिलं नाही. तिचे खांदे तेवढे हलत होते.

यशोदेनं कमरेला ओटी बांधली. अल्लीपूरच्या बाया आता येणार नव्हत्या, अवघं वावर एकटीनं वेचायचं होतं. सुरुवात तिनं धुऱ्यालगतच्या ओळीपासून केली, मंजुषाच्या बाजूनं.