तेरा दसऱ्यांचे पाणी

मित्रांनो, मी एका मोटारीच्या इंजिनाचा जुना सिलेंडर ब्लॉक आहे, आणि माणसांविषयी माझे मत चांगले नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको.

मी बिडाचा. रसरशीत लोखंड साच्यात ओतून मला घडवले. माझ्या पोटात चार गोल विहिरी आहेत. त्यांत चार पिस्टन खालीवर धावतात. विहिरींभोवती पाण्याच्या अरुंद वाटा आहेत. त्यांतून पाणी खेळते, म्हणून मी तापून मरत नाही. एवढे ज्ञान मोटार बाळगणाऱ्याला असतेच, अशी माझी भाबडी समजूत होती.

मग मी ग्वाल्हेरच्या खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात संभाजीरावांकडे आलो. आपले पूर्वज दख्खनेतून घोड्यांवरून इकडे आले, हे ते पानवाल्यालाही ऐकवतात. घोडे गेले, ऐट तेवढी राहिली. दर दसऱ्याला ते मोटारीला हार घालत, बॉनेटवर हळदकुंकवाचे स्वस्तिक काढत आणि कलशातले पूजेचे पाणी अक्षतांसकट रेडिएटरमध्ये ओतत. पूर्वज दसऱ्याला आपल्या घोड्याला ते पाजत म्हणे! शेजारी वाहवा करत आणि मी आत चडफडत असे. असे तेरा दसरे झाले. एरवी बॉनेटखाली कुणी डोकावले असेल, तर तो उंदीर.

गेल्या मे महिन्यात व्हायचे तेच झाले. किल्ल्याच्या चढावर मोटार वाफ सोडू लागली. "नजर लागली," असे म्हणून संभाजीरावांनी ती तशीच पुढे दामटली. पिस्टन माझ्या भिंतींना ओरबाडत होते. ते दुखणे मी जन्मात विसरणार नाही.

किला गेटजवळच्या कारखान्यात भालचंद्र मिस्त्रींनी मला उतरवून खोलले. पाण्याच्या वाटांत सळई घातली, तर गंजाबरोबर पिवळा लगदा बाहेर आला. संभाजीरावांची मुलगी उन्नती वाकून पाहत होती.

"बाबा, ह्यात तर खिचडी बनली आहे!"

"आमच्या आजोबांचा घोडा हेच पाणी पीत होता," संभाजीराव म्हणाले. "त्याला तर कधी काही नाही झालं."

"घोडा प्यायलेलं बाहेर टाकतो, रावसाहेब," भालचंद्र म्हणाले. "हा कुठे टाकेल?"

मग त्यांनी माझ्या विहिरी मापल्या. भिंती आधीच्या मालकाकडे असतानाच दोनदा तासून झाल्या होत्या.

"ही लास्ट बोरिंग. ह्याच्या बादमध्ये भिंतच नाही वाचणार. आता पुन्हा गरम झाला, तर सीधा भंगारात."

संभाजीराव मोबाइल बघत होते. मरण माझे होते ना!

मला कढत सोड्याच्या पाण्यात बुडवून धुतले, विहिरी तासून जरा रुंद केल्या, त्यांत मोठे पिस्टन बसवले. भालचंद्रांनी प्रत्येक विहिरीत बोट फिरवून पाहिले. इतक्या वर्षांत तेवढा एकच हात मला शहाण्याचा वाटला. रेडिएटर साफ करून त्यात कूलंट भरले आणि मी घरी आलो.

चौदावा दसरा उजाडला. संभाजीराव फेटा बांधून, कलश घेऊन हजर. जित्याची खोड! त्यांनी बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला, तशी उन्नती आडवी आली. ही पोर हटली तर आपण संपलो, हे मला कळत होते. मी प्रथमच एका माणसावर भरवसा ठेवला.

"बाबा, आधी तुम्ही प्या. अक्षतांसकट."

सगळी गल्ली बघत होती. माघार घेतील तर ते संभाजीराव कसले? त्यांनी कलश तोंडाला लावला. दुसऱ्याच घोटाला ठसका लागला, डोळ्यांना धारा लागल्या, फेटा सुटला. त्यांच्या पत्नी शांताताई धावत येऊन पाठीवर थापट्या मारू लागल्या. उरलेले पाणी संभाजीरावांनी गुपचूप झेंडूच्या कुंडीत ओतले.

मित्रांनो, यंत्राला हार नको, कुंकू नको. अधूनमधून झाकण उघडून त्याला काय हवे ते बघा, पुष्कळ झाले. संभाजीरावांना एका दसऱ्याचे दोन घोट गिळवले नाहीत. मी तेरा दसरे गिळले होते.