पुन्हा आलेलं नाव

“केरानूफीदो,” संघपालनं पडद्यावरचं वाचलं. “तुमीहाझोबे. लोविपाकेसू.”

शेजारी मेथी निवडत बसलेल्या आईचा, रुक्माबाईचा हात थांबला.

“हाई नाव ते काल बी उनं व्हतं,” ती म्हणाली.

“कोनतं?”

“केरानूफीदो. कोनं नाव शे हाई?”

“कोनंच नाव नही, माय. पासवर्ड शे. तो परत येत नही.”

ती पुन्हा मेथीकडे वळली. संघपालला मात्र पुढचा शब्द वाचवेना.

संघपाल जळगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. घरी आल्यावर तो आणखी एक काम करायचा. त्याबद्दल कुणी त्याला विचारलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं. परदेशातल्या एका निवृत्त माणसानं एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड, लिहिली होती. ती कुणाला ओळखता येणार नाहीत, पण तोंडानं सहज म्हणता येतील, असे पासवर्ड तयार करायची. ती तपासून, बांधून, फुकट मिळणाऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पोचवायची जबाबदारी संघपालची. त्या गाठोड्यावर त्याची डिजिटल सही असायची, आणि ती पाहून कुठकुठले कॉम्प्युटर ते निमूट आत घ्यायचे. धुळ्याच्या ज्या खाजगी दवाखान्यात त्याची बहीण सविता नर्स होती, तिथलेही. पूर्वी तिच्या वॉर्डात पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेला असायचा. आता मुली तो एकमेकींना फोनवरून सांगत आणि लक्षात ठेवत.

म्हणूनच नवी आवृत्ती आली की संघपाल पडदाभर शब्द मोठ्यानं वाचून बघायचा. जीभ अडखळली तर तो शब्द काय कामाचा?

ही आवृत्ती नवीन नावाच्या एका पोरानं पाठवली होती. वर्षभरापूर्वी हा नवीन कुठूनसा मदतीला आला. धुळ्याचा आहे म्हणाला. चुका दुरुस्त करी, कधी उलटून बोलत नसे. थकलेल्या मूळ लेखकानं हळूहळू सगळा कारभार त्याच्याकडे दिला. संघपाललाही तो आवडला होता. कामाचं बोलणं संपलं की तो लिहायचा, “आईना पाय कसा शे आते?” इतक्या दूरच्या त्या कामात आपल्या बोलीतलं वाक्य वाचून संघपालला बरं वाटायचं. गेल्या महिन्यात नवीननं सुचवलं होतं की भाऊ, तुम्ही दमता, सहीचा अधिकार मलाही द्या. संघपाल देणारच होता.

त्यानं पुन्हा शब्द काढले. पडद्यामागून पडदा. मग केरानूफीदो आलंच. तुमीहाझोबेही आलं.

त्यानं लायब्ररी उलगडली. सगळ्यांना दिसावा म्हणून ठेवलेला कोड स्वच्छ होता. पण बांधणीसाठी नवीननं पाठवलेल्या फाईलमध्ये, चाचणीच्या भागात, काही जास्तीच्या ओळी होत्या. त्यांच्यामुळे अगणित शब्दांतून होणारी निवड मूठभर शब्दांवर आली होती. हे ज्याला ठाऊक, त्यानं ते मूठभर शब्द एकेक करून लावून पाहायचे, की दार उघडलं.

त्यानं नवीनला विचारलं. उत्तर लगेच आलं: जुन्या कॉम्प्युटरवर चाचणी लवकर व्हावी म्हणून केलं होतं, काढायचं राहिलं, माफ करा भाऊ, तुम्ही तेवढं पुढे पाठवा, पुढच्या वेळी दुरुस्त करतो.

चूक अशी होऊ शकते. संघपालच्या हातूनही झाल्या होत्या. पण चूक कबूल करून तीच पुढे पाठवायची घाई कशाला? दोन दिवस कॉलेजात कुणी काही बोललं तरी त्याचं लक्ष लागेना. शेवटी त्यानं नवीनला कळवलं की रविवारी धुळ्याला बहिणीकडे येतोय, स्टँडवर भेटू, चहा घेऊ. नवीन हो म्हणाला.

रविवारी सविता ड्यूटी संपवून तशीच स्टँडवर आली. दोघं कँटीनमध्ये बसले. येणाऱ्या प्रत्येक तरुणाकडे संघपाल मान वर करून बघत होता. बराच वेळ गेला. मग निरोप आला: अचानक नाशिकला जावं लागलं, पुढच्या वेळी नक्की.

संघपालनं सविताला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“दादा, तो बाप्या आहे की बाई, एक आहे की चार जण, तुला काय माहीत?”

“आपली भाषा बोलतो गं.”

“बोलतो? ऐकलंस कधी?”

ऐकलं नव्हतं. त्यानं फोनवर वर्षभराचे जुने निरोप काढले आणि खालून वर वाचत गेला. आईना पाय कसा शे. बठ्ठं बरं शे. नवीनची एकूण एक अहिराणी वाक्यं संघपालनं आधी कधीतरी स्वतः लिहिलेली होती. थोडं फिरवून ती त्यालाच परत आली होती. आईच्या पायाचं दुखणं, बापाचं पहूरचं घर विकलं गेलं तेव्हाची हळहळ, सगळं त्यानं आपण होऊन सांगितलं होतं. समोरच्यानं एक शब्दही स्वतःचा दिला नव्हता.

 सवितानं त्याचा गार झालेला चहा बदलून आणला.

तिथेच बसून त्यानं नवी आवृत्ती अडवली, जुनीच चालू ठेवली आणि जिथे जिथे कळवायचं तिथे कारण लिहून कळवलं. मूळ लेखकालाही लिहिलं. परतीची बस धुळ्याबाहेर पडेपर्यंत नवीनचं खातं नाहीसं झालं होतं. कुणी कुणी संघपालचे आभार मानणारे निरोप पाठवले. त्यानं ते वाचले आणि फोन खिशात टाकला. आता घरी माय विचारेल, तो धुळ्याचा पोरगा भेटला का.

पारोळ्याला बस थांबली. शेजारी बसलेले म्हातारे गृहस्थ उठले. त्यांनी हातातली कापडी पिशवी सरळ त्याच्या मांडीवर ठेवली.

“भाऊ, जरा ध्यान ठेवजो. मी पानी पीसन येस.”

नाव नाही, गाव नाही. ते हळूहळू पायऱ्या उतरले आणि गर्दीत दिसेनासे झाले. पिशवीत काय आहे कोण जाणे. संघपालनं ती सीटवर सारण्यासाठी उचलली, आणि पुन्हा मांडीवर घेतली.

कंडक्टरनं बेलच्या दोरीला हात घातला.

“थांबा,” संघपाल म्हणाला. “एक आबा खाली उतरलेत.”

“तुमचे कोण लागतात?”

“कोणी नाही. येतील ते.”

कंडक्टरनं त्याच्याकडे पाहिलं आणि दोरी न ओढताच सोडली. संघपाल पिशवीवर दोन्ही हात ठेवून दाराकडे बघत राहिला.