शून्यावर सही

तुम्ही खोटं लिहिलंत. तुम्ही कुलसचिव आहात, अधिष्ठाता आहात की परीक्षा विभागाचे कुणी साहेब, ते मला माहीत नाही. सही वाचता येत नाही. पण ती माझ्या मुलीच्या गुणपत्रिकेवर आहे. एचपीएलसी यंत्रावरचं प्रात्यक्षिक, चाळीस तास, पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण. त्या यंत्राला तिनं कधी हात लावलेला नाही.

मी गजानन इंगळे, मूळचा अकोल्याचा. इकडे उत्तरेत, सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत अठरा वर्षं यंत्रं दुरुस्त करतो. एचपीएलसी म्हणजे औषधात काय आणि किती आहे ते वेगळं करून मोजणारं यंत्र. अशी पन्नासेक तरी मी उघडून पाहिली असतील. मुलगी जाई तुमच्याकडे रसायनशास्त्राची दोन वर्षं करून बसली. पुढचं शिक्षण तिला बाहेर पूर्ण करायचं होतं. मार्चमध्ये दोन विद्यापीठांची पत्रं आली. एक कॅनडाचं, एक आयर्लंडचं.

कॅनडावाल्यांनी तुमची गुणपत्रिका जशीच्या तशी मानली. दोन्ही वर्षं धरली, थेट तिसऱ्यात या म्हणाले. आयर्लंडवाल्यांनी चार पानांचा फॉर्म धाडला. प्रत्येक प्रात्यक्षिकात कोणतं यंत्र स्वतः चालवलं, किती तास, आणि तुमच्या हातून झालेली एक चूक व ती कशी सुधारली, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. खाली सध्याच्या विद्यापीठाची सही आणि शिक्का. त्यावरून ते ठरवणार, दुसऱ्या वर्षात घ्यायचं की तिसऱ्या.

मी म्हणालो, यात विचार करण्यासारखं काय आहे, कॅनडाला हो म्हण. बायको शालिनीही तेच म्हणाली. वर टोमणा मारलाच, की जगाची यंत्रं नीट करणाऱ्याच्या घरी मिक्सर तीन महिन्यांपासून पडून आहे, तेव्हा बापाच्या सल्ल्याला किती किंमत द्यायची ते तूच बघ. जाई हसली नाही. तिला आमचं मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. त्या दिवशी तिनं आयर्लंडचा फॉर्म माझ्यासमोर सरकवला.

मग मी तिची प्रात्यक्षिकाची वही काढली. इथे तिला फाइल म्हणतात. अक्षर सुंदर, आलेख पेन्सिलीनं, मार्जिन लाल. पदार्थ बाहेर पडायला लागलेला वेळ : ४.३२ मिनिटं. तिची मैत्रीण साक्षी शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहते, तिची फाइल मागवली. ४.३२. साक्षीनं ज्या सीनियरची उतरवली होती, तिचीही ४.३२. यंत्र तेच असलं तरी वेगवेगळ्या दिवशी तीन मुलींना दुसऱ्या दशांशापर्यंत एकच आकडा येत नाही. मी यातच जन्म काढला आहे.

उतरवणं मला नवीन नाही. अकोल्याला आयटीआयमध्ये मीही दुसऱ्याचं जर्नल उतरवलं होतं. पण आधी हात काळे व्हायचे, मग वही भरायची. तुमच्याकडे वहीच भरतात.

जाईनं मग सांगितलं. मागच्या जूनमध्ये ती डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात महिनाभर प्रशिक्षणाला गेली होती. दुसऱ्याच दिवशी तिथल्या केमिस्ट उर्मिला मॅडमनी गुणपत्रिका पाहून तिला यंत्रासमोर उभं केलं आणि पंप सुरू कर म्हणाल्या. ती बटण शोधत राहिली. मॅडम रागावल्या नाहीत. अठ्ठेचाळीस कुणी दिले, एवढंच विचारलं. मग पहिल्यापासून शिकवलं. घरी तिनं यातलं काही सांगितलं नाही. मी रोज विचारायचो, काय शिकलीस? ती म्हणायची, सब ठीक है पापा.

एप्रिलमध्ये अभ्यासक्रमाच्या प्रतींवर शिक्के घ्यायला मी तुमच्याकडे आलो होतो. शिपायाला म्हणालो, मी यंत्रवाला माणूस आहे, तुमचं एचपीएलसी दाखव. त्यानं दाखवलं. प्लास्टिकचं कव्हर, त्यावर धूळ, त्या धुळीत कुणीतरी बोटानं हृदय काढलेलं. मी कव्हर उचललं. वाहतुकीत आतला भाग हलू नये म्हणून कंपनी लाल स्क्रू लावून देते. यंत्र बसवताना ते पहिल्यांदा काढतात, त्याशिवाय पंप हलत नाही. चारही स्क्रू जागेवर होते. पाटीवर खरेदीचं वर्ष वाचलं. सात वर्षं. सात वर्षं तुम्ही बंद यंत्रावर गुण वाटता आहात.

घरी येऊन सांगितलं. तरीही मी जाईला म्हणालो, कॅनडाला जा, तिथे शिकून घेशील. हे मी बोललो, लपवत नाही. ती म्हणाली, "तीसरे साल में जाकर मैं फिर से बटन ढूँढूँ क्या, पापा? एक साल जाएगा, जाने दो."

सोमवारी तिनं कॅनडाला नकार कळवला. आयर्लंडचा फॉर्म भरला. विद्यापीठात यंत्रावरचे तास : शून्य. डेराबस्सीत : सव्वीस. चूक : द्रावण गाळायला विसरले, पंपात हवा शिरली, सगळं खोलून पुन्हा भरलं, दोन तास गेले. फॉर्मवरचा हा एकच रकाना तिनं न अडखळता लिहिला.

बुधवारी आम्ही दोघं तुमच्या खिडकीवर आलो. कारकुनानं फॉर्म आत नेला आणि दहा मिनिटांत परत आणला. म्हणाला, "शून्य पर साहब साइन नहीं करेंगे. चालीस लिखवा लो, अभी करवा देता हूँ." तो माणूस वाईट नव्हता. जाईला पेनही देऊ केलं. तिनं ते घेतलं नाही. लेखी नकार मागितला, तर म्हणाला, तसा नमुना नाही आमच्याकडे.

तर आता परिस्थिती अशी आहे. कॅनडाची जागा गेली. सहीशिवाय आयर्लंड फॉर्म घेत नाही, आणि पंधरा तारखेला मुदत संपते. सही झाली नाही तर जुलैमध्ये माझी मुलगी तुमच्याच तिसऱ्या वर्षात बसेल, त्याच कव्हरखालच्या यंत्रासमोर, आणि ४.३२ उतरवेल. नाही उतरवलं तर तुम्ही तिला नापास कराल.

फॉर्म पुन्हा जोडला आहे. शून्य तसाच ठेवला आहे. लाल स्क्रूंचा फोटो मागे लावला आहे, पाटीसकट. चाळीसवर सही करायला तुमच्या साहेबांना दहा मिनिटंही लागत नाहीत.

शून्यावर करता की नाही? हो किंवा नाही. पंधरा तारखेच्या आत, लेखी, आणि या वेळी वाचता येईल अशा सहीनं.