हिरूचा पाचवा वाढदिवस

सागवानी पाट आहे मी, मित्रांनो, आणि आता फार जुना झालो आहे. खालापूरच्या विठू सुताराने मला घडवले. कर्जतजवळच्या एका गावात जयवंता शेतकऱ्याच्या घरी मी आलो. सणावारी, पाहुण्यांच्या जेवणाला मला मोठा मान असे.

मानमोडीच्या, म्हणजे जीवघेण्या तापाच्या, साथीत जयवंताचे दोन्ही मुलगे गेले. पुढच्या वर्षी हिरू जन्मली. ती पाच वर्षांची झाली, तेव्हा त्या घरात पहिल्यांदाच वाढदिवस करायचे ठरले. पळसदरीहून तिच्या आईची आई कोंडाबाई आली, खालापूरहून आत्या अंबाबाई आली. नवा परकर नेसून हिरू माझ्यावर बसली. ताटात निरांजन पेटले.

"पयला मान आत्याचा," अंबाबाई म्हणाली.

"माझ्या लेकीनं दोन लेकरं मातीत दिली. पयली मी ओवाळणार!" कोंडाबाईने ताट धरले.

"पोर आमच्या घरची हाय!"

"आन् नऊ म्हैने पोटात कुनी वागवली गं?"

जयवंता मध्ये पडला, तर दोघी त्याच्यावरच तुटून पडल्या. ताट इकडून तिकडे ओढले जाऊ लागले. आत्याचा पदर सुटला, आजीचा अंबाडा सुटला. हिरूला हसू आले. दारातल्या बायकाही हसल्या. तेवढ्यात निरांजन कलंडले आणि परकराच्या काठाने पेट घेतला.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. हिरूचे पाय माझ्यावर तडफडत होते. तिच्या आईने ताकाचे मडके उचलून तिच्यावर ओतले, तेव्हा आग विझली. पण पोटरी भाजली होती.

आजी आणि आत्या, दोघीही तिला कुशीत घ्यायला धावल्या. हिरू दोघींपासून मागे सरली.

"मला नको वाढदिस," एवढेच ती म्हणाली.

जखम महिनाभर चिघळली. तापात ती "ओढू नका गं" असे बडबडे. दोघी आळीपाळीने कोरफडीचा गर लावत, पण एकमेकींशी बोलत नसत. पोर कशीबशी वाचली.

पुढच्या वर्षी मला पुन्हा मांडले. हिरू खांबाला धरून उभी राहिली. अंबाबाईने ताट कोंडाबाईपुढे सरकवले.

"तुमी ओवाळा."

"नाय, तूच ओवाळ."

"मी नाय, तुमीच!"

आवाज चढले, तशी हिरू रडू लागली. ज्योत विझवू नये म्हणतात, तरी कोंडाबाईने ती चिमटीत विझवली. दोघींनी नुसते कुंकू लावले. हिरू बसली, पण अगदी कडेला, पळायच्या बेतात.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, मानापानावरून भांडाल. भांडा. पण आधी लेकराला पाटावरून उतरवा.