उजवीकडचं सील

सासऱ्यांनी शेवटचा बोल्ट सोडवून उजव्या चाकाचा हब बाहेर ओढला, तसा आतला काळा लगदा भळाभळा तिच्या हातातल्या घमेल्यात पडला. ग्रीस, तेल आणि ओढ्यातली वाळू, सगळं एकत्र कुजलेलं. वासाने तिने मान फिरवली. ती नर्स होती. तिने गळवं फोडली होती, ओकाऱ्या पुसल्या होत्या आणि त्याच हातांनी तासाभराने जेवलीही होती. पण हा वास घशात जाऊन बसला. नासकी अंडी, जळकं रबर आणि वर काहीतरी गोडसर.

“धर नीट, सिस्टर,” सासरे म्हणाले. “ओकायचं असेल तर घमेल्याबाहेर. आधीच काय कमी आहे त्यात.”

वस्तीवरचे पेशंट तिला सिस्टर म्हणायचे, म्हणून तेही म्हणायचे. तिची चेष्टा करायची मुभा त्या घरात त्यांना एकट्यालाच होती. तिला ती आवडायची.

परसात गाडी पुढून उचलून ठेवली होती. चारही चाकांना जोर असलेली ही घरचीच जुनी गाडी आठवडाभर ती चालवायची, डोंगरातल्या वस्त्यांवर बायकांना तपासायला. रविवारी तीच गाडी नवरा मित्रांबरोबर चिखलात आणि ओढ्यात घालायचा. त्याला तो छंद म्हणायचा. नऊ दिवसांपूर्वी उतारावर तिने ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली जाऊन चरात गेली. मागच्या सीटवर सात महिन्यांची अवघडलेली बाई होती. पोटातलं वाचलं. बाईच्या खांद्याचं हाड मोडलं.

नवरा त्याच दिवशी म्हणाला होता, “ब्रेकला काय धाड भरलीय? महिन्यापूर्वी मी स्वतः दोन्ही चाकांची सील बदललीत. तूच घाबरून कचकन पाय दाबला असशील.”

मग त्यानेच तिच्या नावाचा जबाब टाइप करून आणला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ अशी सुरुवात होती. तुझ्यावर घे, नुसती समज देऊन सोडतील, गाडीवर आलं तर चौकशीचं लचांड मागे लागेल, असं त्याने तिला दोन वेळा समजावलं. कागद टेबलावर होता, सहीपुरता. उद्या तिच्या कचेरीत द्यायचा होता. एकदा तो दिला की पेशंटला घेऊन गाडी चालवायची परवानगी तिला मिळणार नव्हती, आणि गाडीशिवाय वस्त्या नाहीत. मग निवृत्तीपर्यंत केसपेपर फाडत बसायचं.

आणि त्याहून वाईट म्हणजे तिलाही ते पटायला लागलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या तिचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. एकदा हळू, एकदा जोरात.

सासऱ्यांनी अ‍ॅक्सलचा दांडा अलगद ओढून फडक्यावर ठेवला. मग आतल्या तोंडाशी बसलेलं, तेल अडवणारं सील पेचकसाने उचकटलं. रबराची कडी, पण वाजली लाकडासारखी. आतली कड तडकलेली, एका जागी तुकडाच उडालेला.

“हे महिन्याचं आहे?” तिने विचारलं.

त्यांनी सील उजेडात फिरवून पाहिलं. “ड्युप्लिकेट माल. हल्ली खोक्यावर एक लिहितात नि आत दुसरंच निघतं.”

“म्हणजे इथूनच तेल ब्रेकवर उतरलं?”

“मग काय तर. पॅड बघ, भिजून चिंब झालेत. ह्या चाकाने धरलंच नाही. डाव्याने एकट्याने धरलं, म्हणून गाडी डावीकडे गेली. पाय तुझा असो की माझा.”

ती उपड्या बादलीवर बसली. मग म्हणाली, “बाबा, हे लिहून द्याल?”

“देईन की. तीस वर्षं गॅरेज चालवलंय. अजून माझ्या सहीला किंमत आहे ह्या गावात.”

पुढचा तासभर ती मन लावून राबली. अ‍ॅक्सलची नळी आतून पुसली. एक चिंधी काळी झाली की दुसरी. सकाळी आणलेल्या जोडीतलं एक सील सासऱ्यांनी तिच्या तळहातावर ठेवलं आणि त्याचा ओठ कसा आत, तेलाच्या बाजूला यायला हवा ते दाखवलं. मग पाइपाचा तुकडा वर धरून इतक्या नेमक्या बेताने ठोकलं, की सील एका रेषेत बसलं. दांडा परत घालताना दोघांनी दोन हातांनी तोलला. त्याचे दाते ओठाला लागले की नवं सील तिथेच मेलं.

“बाळंतपणापेक्षा नाजूक काम,” ते म्हणाले.

“तुम्ही किती बाळंतपणं केलीत?”

“एकही नाही. म्हणून तर ठामपणे सांगतोय.”

ती हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

डावीकडचा हब ओढला तेव्हा तिने घमेलं पुढे केलं. त्यात काही पडलं नाही. आत ग्रीस होतं, पिवळंधमक, लोण्यासारखं. वासही नाही. सासऱ्यांनी दांडा काढला, मान वाकवून आत पाहिलं आणि तसेच वाकून राहिले. बोट आत घालून काहीतरी चाचपलं.

“जरा पाणी आण गं,” ते म्हणाले. सिस्टर म्हणाले नाहीत.

ती तांब्या घेऊन परतली तेव्हा डावीकडच्या सीलची जागा रिकामी होती. फडक्यावर ठेवलेलं उजवीकडचं सीलही नव्हतं. घमेल्यातल्या घाणीवर एक जाड बुडबुडा वर आला आणि फुटला.

“हेही तसंच निघालं,” ते म्हणाले.

“बघू.”

“काय बघायचंय त्या घाणीत? टाकलं मी.”

“पण ह्या बाजूने तेल कुठे गळलंय? ग्रीस तर स्वच्छ आहे.”

“गळलं असतं. आज ना उद्या.” ते तांब्या वर धरून पाणी प्यायले. निम्मं हनुवटीवरून सदऱ्यावर गेलं. “चल, आटप. ऊन चढलंय.”

तिने दुसरं नवं सील त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी बसवलं. मग त्यांनी हत्यारं पुसायला घेतली आणि एकाच पान्यावरून चार वेळा फडकं फिरवलं.

“ते लिहून द्यायचं म्हणालीस ना,” ते पान्याकडे बघत म्हणाले, “त्याचं बघू. हात थरथरतो माझा हल्ली. सही जुळत नाही. आणि घरातली गोष्ट आहे. मुलाचं नाव त्यात यायचं.”

तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. आताच त्याच हाताने सील ठोकलं होतं, लोखंडाला एक ओरखडा न काढता.

मुलाचं नाव कशाला यायचं? माल ड्युप्लिकेट होता, तर नाव दुकानदाराचं यायला हवं.

महिन्यापूर्वीचा तो दिवस तिला आठवला. नवऱ्याने फोटो काढून घेतला होता. उघड्या डाव्या चाकाशेजारी उकिडवा, हातात जुनं सील, अंगठा वर. मित्रांच्या ग्रुपवर वाहवा झाली होती. तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला, तेच मित्र आले आणि याने तिच्या वाळत घातलेल्या ओढणीला हात पुसून चाक परत चढवलं. उरलेलं संध्याकाळी करतो म्हणाला होता. उरलेलं म्हणजे काय, हे तेव्हा तिला कळत नव्हतं. संध्याकाळी तो चिखलाने माखून आला, जेवला आणि झोपला. आणि ती बाई खांद्याला पट्टा बांधून पडली होती तेव्हा त्याने बसून ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ टाइप केलं. शुद्धलेखनही तपासलं होतं.

तिने घमेल्याकडे पाहिलं.

सासरे आंघोळीला गेले. परसात ती एकटी राहिली. तिने बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात घमेल्यात घातला. लगदा कोमट होता. कोपरापर्यंत चढला. वाळू नखांत गेली. एक कडी हाताला लागली, कडक, तडकलेली. ती बाहेर काढून ठेवली. दुसरी शोधायला वेळ लागला. तळाशी होती. वर आली तेव्हा तिने अंगठ्याने घाण निपटली. सील मऊ होतं. दुमडलं की दुमडायचं, सोडलं की परत गोल व्हायचं. आतला ओठ अखंड, कडेवरचे छापील आकडेसुद्धा वाचता येत होते. भोवतीच्या पत्र्याला एकच पोचा होता, आज उचकटताना घाईत पडलेला.

तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला हे बोटानेच कळलं असणार. पाणी मागायच्या आधीच.

नवरा दिवेलागणीला आला तो बोलतच आला.

“झाली का गाडी? रविवारी लागणारे मला. आणि सही केलीस ना? सकाळी जाता जाता मीच देऊन—”

तो टेबलापाशी थांबला. कागदावर दोन कड्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. त्यांच्याखालून तेल पसरत पहिल्या ओळीपर्यंत पोचलं होतं, आणि तिथली अक्षरं आरपार दिसायला लागली होती. ती समोर खुर्चीत बसली होती. उजवा पाय फरशीवर, स्थिर. हात कोपरापर्यंत काळा, वाळून तडे गेलेला. तिने तो धुतला नव्हता.

हे काय आहे, असं त्याने विचारलं नाही. त्याने मऊ कडीकडे बोट नेलं आणि न लावताच मागे घेतलं.

“बाबा कुठे आहेत?”

आत न्हाणीघरात नळ सोडलेला होता. बादली भरून वाहत होती, तरी कुणी तो बंद करत नव्हतं.

“आंघोळ करतायत,” ती म्हणाली. “तिसऱ्यांदा.”