विमानतळावर अडकलेले भाऊजी

माझ्या ताईचा नवरा दातांचा डॉक्टर. जन्मभर आ वासून बसलेल्या माणसांशी बोलल्यामुळे, समोरच्यालाही काही म्हणायचं असतं हे भाऊजींच्या गावीच नाही. भाचीने परदेशात स्पॅनिश मुलाशी लग्न केलं, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "विहिणीशी मी तिच्याच भाषेत बोलणार!"

आम्हाला कौतुक वाटलं. एखादी शिकवणी लावतील, चुकत-माकत शिकतील. पण शिकवणारी बाई चुका काढते, आणि ते भाऊजींना कसं चालेल? त्यांनी स्पॅनिश शिकवणारा व्हीआरचा चष्मा आणला.

काळा ठोकळा डोळ्यांवर बांधायचा, बैठकीच्या खोलीत मधोमध उभं राहायचं आणि आपल्याला न दिसणाऱ्या वेटरकडे कॉफी मागायची. यांचं वाक्य जुळेपर्यंत तो वेटर म्हणे हसत थांबतो आणि चुकलं तरी टाळ्या वाजवतो. असा श्रोता मिळाल्यावर भाऊजी फुलून आले. ताई मात्र त्यांचे हात चुकवत भिंतीला चिकटून ये-जा करायची.

"भाषेत बुडी मारावी लागते," ते मला म्हणाले. "तुमच्या पिढीने नुसतं व्याकरण घोकलं."

आम्ही दोघं एकाच वयाचे आहोत.

विहीणबाई आल्या. लेकाच्या सासरी पहिल्यांदाच येत होत्या. दारातच भाऊजींनी घसा साफ करून प्रवासाची चौकशी केली. बाईंचा चेहरा उजळला. भाऊजींचे दोन्ही हात धरून त्या भडाभडा बोलत सुटल्या. भाऊजी मख्खासारखे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "उच्चार जरा गावंढळ आहेत हिचे."

तिच्या स्वतःच्या भाषेत!

त्याच आठवड्यात एका सकाळी ताई कामावर गेली होती आणि मी तिचं शिलाई मशीन परत करायला गेले. दार उघडंच होतं. न्हाणीघरात विहीणबाई जमिनीवर बसलेल्या, अंगावर ओला गाऊन, चेहरा पांढराफटक. डावं मनगट उजव्या हाताने छातीशी धरलेलं. आणि बाहेरच्या खोलीत भाऊजी, डोळ्यांवर चष्मा, हात हवेत.

"भाऊजी! अहो, त्या पडल्यात!"

"दिसलं मला. काहीतरी सांगतेय, पण कळत नाहीये. दवाखान्याच्या धड्यात शिरतोय."

"मग?"

"धडा उघडत नाहीये. आधी विमानतळ पूर्ण करावं लागतं." त्यांनी वाकून हवेतली एक बॅग उचलली. "झालंच आता."

मला किळस आली. त्या क्षणी राग यायला हवा होता, पण रागावण्याएवढा माणूस तरी समोर हवा ना!

मी टॉवेल आणून बाईंना गुंडाळलं. मासिकाची घडी मनगटाखाली देऊन ओढणीने बांधली, टॅक्सी बोलावली. वाटेत त्या त्यांच्या भाषेत बोलत होत्या, मी माझ्या. माझा दंड त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून झाल्यावर भाचीला फोन लावला आणि तो सासूच्या कानाशी धरला. बऱ्याच वेळाने भाची माझ्याशी बोलली.

"मावशी, बाबांना त्या काय सांगत होत्या माहितीये? आधी टॉवेल मागत होत्या. आणि नंतर नुसतं म्हणत होत्या, माझ्याकडे बघा."

विहीणबाईंना मी माझ्या घरी आणलं. संध्याकाळी ताई आली. सगळं ऐकून ती घरी गेली आणि स्वतःच्या कपड्यांची पिशवी घेऊन परत आली. "त्यांना आंघोळ घालायला कोणीतरी हवं," म्हणाली. मी होते की. पण तसं मी म्हटलं नाही.

आता आम्ही तिघी आहोत. भाऊजी नातेवाइकांना सांगत फिरतात, "बाई जरा माणूसघाणीच निघाली. मी एवढी मेहनत घेतली, पण तिला बोलायचंच नाही."

भाचीने हे सासूला सांगायचं टाळलं. मी मात्र हातवारे करून, भाऊजींसारखी मान ताठ करून सांगितलं. बाई इतक्या हसल्या, की ताईला त्यांचा प्लास्टरचा हात धरावा लागला. मग ताईही हसायला लागली. तिला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.