तिच्यासाठी कुणी हापसेना

मी बोरिंग बोलतेय. सरकारी कागदात मला हातपंप म्हणतात, पण आमच्या भागातली माणसं मला बोरिंगच म्हणत आली आणि मलाही तेच नाव आपलं वाटतं. लाखनीहून डांबरी रस्ता सोडून आत वळलं की तलावाकाठी एक गाव लागतं. त्या गावच्या शाळेच्या पटांगणात, करंजीच्या झाडाखाली मी उभी आहे. आता माझ्याकडे पाणी प्यायला कुणी येत नाही, म्हणून आपणहून बोलते आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगावी बोरिंगा खोदायचं काम निघालं, त्यात माझा नंबर लागला. कुठल्याशा दूरच्या कारखान्यात लोखंड वितळवून मला ओतलं, लाखनीपर्यंत ट्रकने आणलं आणि तिथून बैलबंडीत घालून धानाच्या बांध्यांमधून गावात नेलं. खोदणाऱ्या मशीनचा आवाज ऐकून सगळं गाव जमलं होतं. पहिलं पाणी लाल मातीचं निघालं. मग गढूळ, मग स्वच्छ आणि इतकं थंड की लोक ओंजळीत धरून नुसतं बघत राहिले. बायकांनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मला वाटलं, आपल्याला आता काही कमी नाही.

मधली सुट्टी झाली की पोरं माझ्याकडे धावत सुटायची. माझा दांडा एका बाजूला आणि तोटी दुसऱ्या बाजूला. एकाने हापसायचं आणि दुसऱ्याने ओंजळ लावून प्यायचं, मग जागा बदलायच्या. त्यामुळे कुणाचं कुणाशी जमतं, कुणाचं काल भांडण झालं, कुणाची दोस्ती नवी आहे, हे मास्तरांच्या आधी मला कळायचं. भांडलेली पोरं तहान लागली की मुकाट्याने एकमेकांकडे बघायची आणि तिथेच समेट व्हायचा.

धुरपता आठवीत आमच्या शाळेत आली, तेव्हा आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. तिच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून बापाने तिला तलावापलीकडच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, आत्याकडे ठेवलं होतं. आत्याचं नाव सत्यभामाबाई. टोली लांब होती, त्यामुळे पोरगी सकाळी निघायची ती दिवेलागणीला घरी पोचायची. बारीक, सावळी, दोन घट्ट वेण्या. तिचा डावा कान वाहायचा. पावसाळ्यात जास्तच. कानात कापसाचा बोळा असायचा आणि त्या बाजूने हाक मारली तर तिला ऐकू जायचं नाही.

पहिल्या आठवड्यात ललिताने तिला डावीकडून हाक मारली. ललिता वर्गातली हुशार मुलगी, खोखोत सगळ्यांच्या पुढे. ती हसली की बाकीच्या हसायच्या. धुरपताने वळून पाहिलं नाही.

"काय व, भयरी हायेस का?" ललिता म्हणाली आणि सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून धुरपताचं नाव भयरी पडलं.

नाव पडलं तेवढ्यावर थांबलं नाही. तिच्या कानाचा रोग लागतो, असं कुणी तरी म्हणालं. दांड्याला तिचा हात लागला की मुली दांडा परकराने पुसून मग धरायच्या. मी लोखंडाची. माझ्या अंगाला कुणाचा रोग लागत नाही आणि माझ्याकडून कुणाला जात नाही, पण मला विचारतं कोण? मग एक खेळ निघाला. धुरपता तोटीखाली वाकली की कुणी तरी हापसायचं आणि तिने ओंजळ तोंडाशी नेली की एकदम हात सोडायचा. कधी जोरात हापसून तिच्या अंगावर पाणी उडवायचं. ती ओल्या पोलक्याने वर्गात जाऊन बसायची.

शेवटी ठरलं की तिच्यासाठी कुणी हापसायचं नाही. हे कुणी मोठ्याने बोललं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याभोवतीच्या ओट्यावर आली की दांड्याजवळची मुलगी बाजूला व्हायची.

धुरपता एकटीने प्रयत्न करायची. दांड्याला लोंबकळून चारदोन हापसे मारायची आणि धावत तोटीकडे यायची, तोवर धार सरलेली असायची. उरलेले थेंब ती तळहातावर झेलायची. वर्ग चालू असताना परवानगी मागून यायची, म्हणजे कुणी बघायला नको. तेव्हा पटांगणात आम्ही दोघीच असायचो. माझ्या पोटात थंडगार पाणी होतं आणि मी ते तिला देऊ शकत नव्हते.

मग ती घरून पितळी गडवा भरून आणायला लागली. तिसऱ्या दिवशी त्या गडव्यात चिखल भरलेला निघाला आणि तो कुणी तरी दगडावर आपटून चेपवलाही होता. घरी सत्यभामाबाईने विचारलं, तेव्हा पोरीने रडत रडत सगळं सांगितलं.

धान कापून झालं होतं. सत्यभामाबाई दुसऱ्याच दिवशी गडवा हातात घेऊन शाळेत आली. मधुकर सर मुलींचे वर्गशिक्षक. ओट्याजवळ उभं राहून बाई म्हणाली, "गुरुजी, घोटभर पाण्यासाठी पोरगी रडून राहिली. हे शाळा हाये का काय हाये?"

सरांना राग आला. त्यांनी मुलींना ओळीने उभं केलं, ललिताला सगळ्यांसमोर छडी मारली आणि दुपारभर उन्हात उभं केलं. "पुन्हा कोणी चिडवलं तर याद राखा," म्हणाले. सरांचा हेतू चांगला होता. त्यांना वाटलं, प्रकरण मिटलं.

चिडवणं थांबलं हे खरं. पण त्यासोबत बोलणंही थांबलं. धुरपता आली की मुली गप्प व्हायच्या, ती गेली की पुन्हा बोलायच्या. तिच्या बाकावर कुणी बसेना. पूर्वी 'भयरी' म्हणून का होईना, कुणी तरी हाक मारत होतं. आता तिला कुणी हाकच मारत नव्हतं. वर्गात शांतता आहे म्हणून सर खूश होते. मी त्या पोरीला झाडाच्या बुंध्याला टेकून एकटीच भाकर खाताना रोज बघत होते. घास घशात अडकला की ती माझ्याकडे बघायची, आणि मग मान फिरवायची.

शिमगा झाला, ऊन तापलं. धुरपता मधल्या सुट्टीत दिसेनाशी झाली. कुठे जाते, हे मला दिसत नव्हतं. ते बेबीने पाहिलं.

बेबी त्याच वर्गातली. फारसं न बोलणारी, ललिताच्या घोळक्यात मागे मागे असणारी. दुसऱ्या मुलींसारखा तिनेही दोनदा दांडा सोडला होता. एका दुपारी मधुकर सर खडूचे हात धुवायला माझ्याकडे आले, तेव्हा ती मागोमाग आली आणि त्यांच्यासाठी हापसायला लागली. हापसता हापसता म्हणाली, "सर, धुरपता बोडीचं पाणी पेते."

"कोणती बोडी? शाळेमागचं डबकं?"

"हो. म्हशी बसतेत तेथचं. उपडी पडून पेत होती. मी पाह्यलं."

"काहून? येथं बोरिंग हाये ना."

"तिच्यासाठी कोणी हापसत नाही, सर."

सरांनी हात तसेच धरून ठेवले. "मी तर सारं बंद केलं होतं."

"छडी ललितेले बसली, अन् राग धुरपतावर निघाला," बेबी म्हणाली. "तुम्ही पुन्हा मारसान तर अजून वाढन. दोन दिवस झाले, ते शाळेत नाही आली."

सरांनी ओले हात झटकले. मग सायकल काढली आणि तसेच टोलीवर गेले.

धुरपताला कावीळ झाली होती, हे मला नंतर ओट्यावरच्या बोलण्यातून कळलं. डोळे पिवळेजर्द, पोटात अन्न ठरत नव्हतं. सरांनी सत्यभामाबाईला सोबत घेऊन पोरीला लाखनीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कावीळ पाहिली, कानही पाहिला, औषध दिलं आणि कानाचा हा त्रास असा हात लागून कुणाला होत नाही, असं सांगितलं. सरांनी ते वर्गात जसंच्या तसं सांगितलं. धुरपता कशी आजारी पडली, तेही सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. वर्गातून बाहेर आलेल्या मुलींचे चेहरे मी पाहिले. त्या दिवशी माझ्याकडे पाणी प्यायला फार थोड्या आल्या.

शाळा सुटल्यावर सरांनी ललिताला एकटीला ओट्याजवळ बोलावलं.

"तुले शिक्षा द्याले नाही बोलावलं," सर म्हणाले. "सगळ्यांसमोर मारलं, ते माझं चुकलं. आता तू सांग, हे कसं झालं?"

ललिता पायाच्या अंगठ्याने ओटा उकरत राहिली. मग म्हणाली, "कानाचं पहिले मीच म्हटलं. साऱ्या हासल्या. मले मजा वाटली."

"अन् आता?"

"आता मी तिच्यासाठी हापसलं तर साऱ्या मलेच सोडतीन."

"म्हणजे एकटं पडाची भीती तुलेबी वाटते."

ललिता रडायला लागली. सरांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "तिची माफी माग, असं मी म्हणत नाही. ते तुह्या मनावर. पण तिच्याबद्दल तुह्या तोंडून वाईट शब्द निघाला नाही पाहिजे, अन् दुसरं कोणी बोललं तर तू थांबवशील. जमन?"

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून सर मधल्या सुट्टीत आपला डबा घेऊन माझ्या ओट्यावरच बसायला लागले. कुणाला काही म्हणायचे नाहीत. नुसते बसायचे.

महिन्याभराने धुरपता परत आली. पोलकं अंगावर लोंबत होतं. सुट्टी झाली तशी सवयीने ती झाडाकडे निघाली. बेबी दांडा धरून उभी होती.

"ये व धुरपता, पाणी पे."

"मले तहान नाही."

बेबी हापसायला लागली. धार ओट्यावर पडून वाहून जायला लागली. सगळ्या मुली बघत होत्या. मागून एक म्हणाली, "बेबे, तुहाबी कान फुटन."

"फुटू दे," बेबी म्हणाली. हात थांबला नाही.

त्या मुलीने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा ललिता हळूच म्हणाली, "चूप बस ना व." तिच्या आवाजात पहिला जोर नव्हता, पण सगळ्यांनी ऐकलं.

सरांचा घास हातातच राहिला होता. धुरपता आली. वाकली, पण पूर्ण नाही. एक डोळा बेबीच्या हातावर ठेवून तिने ओंजळ लावली. पहिला घोट घेतला आणि थांबली. धार चालूच होती. दुसरा घोट घेतला. मग तिने डोळे मिटले आणि पोटभर पाणी प्यायली. बेबीचा दंड भरून आला होता, ती ओठ दाबून हापसत होती. मी आयुष्यात हजारो हात पाहिले, पण इतक्या नेटाने मला कुणी चालवलं नाही.

एका दिवसात सगळं गोड झालं, असं सांगणार नाही. कित्येक मुली नंतरही धुरपतापासून दूरच राहिल्या. ललिता आणि ती मैत्रिणी कधी झाल्या नाहीत. फक्त एकदा बेबी आली नव्हती, तेव्हा ललिता येऊन मुकाट्याने दांडा धरून उभी राहिली. धुरपता पाणी प्यायली. त्या दिवशी ललिताला काही तरी म्हणायचं होतं, असं मला वाटलं. ते राहूनच गेलं.

धुरपता दहावी पास होऊन गेली. बेबी पुढची दोन्ही वर्षं तिच्या उजव्या बाजूला बसत होती, ऐकू येणाऱ्या कानाकडे. मधुकर सरांची वरठीकडे बदली झाली. जाताना त्यांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला आणि उगाच दोन हापसे मारले.

पुढे नळयोजना आली. शाळेच्या भिंतीला तोट्या लागल्या. पोरं येतात, तोटी फिरवतात, पितात आणि पळतात. सोय झाली, त्यात वाईट काहीच नाही. माझं वायसर झिजलं, साखळी तुटली, दुरुस्तीला कुणी आलं नाही. दांडा कुणी तरी काढून नेला. आता मला नुसतं गंजलेलं धूड म्हणा. पावसाळ्यात माझ्या तोटीत कुंभारमाशी मातीचं घर करते, तेवढीच काय ती सोबत.

परवापासून मात्र एक पोरगी ओट्यावर येऊन बसते आहे. माझ्या अंगाला पाठ टेकून, भिंतीकडे तोंड करून डबा खाते. नवी आहे की जुनी, नाव काय, मला ठाऊक नाही, कारण तिला कुणी हाक मारत नाही. माझ्याजवळ आता तिला द्यायला पाणीही नाही.

तुम्ही शाळेत शिकवत असाल, शिकत असाल, नाही तर नुसते त्या वाटेने जात असाल, तर मधल्या सुट्टीत जरा इकडे या. तिला एकदम काही विचारू नका. आपला डबा उघडा आणि शेजारी बसा.